पुराची खूण आणि नदीची पातळी

फुफ्फुसांतल्या रक्तदाबाचा विषय निघाला की दोन मतं हमखास कानावर येतात. रुग्णाच्या घरचे म्हणतात, "छातीचा सीटी काढलाय, तसलं काही असतं तर त्यात दिसलंच असतं." आणि डॉक्टरमंडळींपैकी बरेच जण म्हणतात, "सीटीत प्रेशर मोजता येत नाही, त्यात काय बघायचं? टूडी इको करून घ्या." ही दोन्ही मतं मला उथळ वाटतात. दोन्हींच्या बुडाशी एकच गैरसमज आहे, तो म्हणजे तपासणी म्हणजे आकडा. घरच्यांना वाटतं, एवढं मोठं मशीन आहे तर आकडा दिलाच असेल. डॉक्टरांना वाटतं, आकडा देत नाही म्हणजे आपल्या कामाचं नाही.

माझं म्हणणं असं आहे. सीटी स्कॅन फुफ्फुसधमनीतला दाब मोजत नाही आणि त्याच्याकडून ती अपेक्षाही ठेवू नये. पण चढलेल्या दाबाने धमनीचं आणि उजव्या हृदयाचं काय केलं, आणि मुळात तो दाब चढला कशामुळे, हे दोन प्रश्न एकाच बैठकीत पुढे नेणारी त्याच्यासारखी दुसरी तपासणी नाही. म्हणून सीटीला 'किती' विचारणं थांबवावं आणि 'का' विचारायला लागावं. शिवाय जो सीटी भलत्याच कारणासाठी काढला गेला आहे, त्यातही धमनी आणि उजवं हृदय पाहणं हे रिपोर्ट लिहिणाऱ्याच्या मर्जीवर राहू नये.

१. दंडावर न सापडणारा दाब

आपण ज्याला बीपी म्हणतो तो डाव्या हृदयाचा कारभार. दंडाला पट्टा बांधून जे १२०/८० येतं, ते अंगभर जाणाऱ्या रक्ताचं. तेवढंच रक्त, विश्रांतीत मिनिटाला साधारण पाच लिटर, हृदयाच्या उजव्या बाजूकडून फुफ्फुसांतूनही जातं. तिथला दाब मात्र जेमतेम २५/१०. सरासरी धरली तर निरोगी माणसात ती १४ मिलिमीटर पाऱ्याच्या आसपास असते. उजवा खालचा कप्पा याच हलक्या कामासाठी घडलेला आहे, त्याची भिंत डाव्याच्या मानाने पातळ. फुफ्फुसांतल्या नळ्या आकसल्या, बुजल्या किंवा पुढे डावं हृदय तुंबलं, की या पातळ भिंतीला न पेलणारं ओझं ओढावं लागतं. आधी ती जाड होते, मग कप्पा फुगतो, शेवटी हरतो.

रुग्णाला यातलं काही कळत नाही. जिना चढताना दम लागतो, संध्याकाळी पाय सुजतात, कधी चालता चालता डोळ्यांपुढे अंधारी येते. दंडाचं बीपी नॉर्मल. मग कुणी रक्त कमी आहे म्हणतं, कुणी वजनाकडे बोट दाखवतं, कुणी दम्याचा पंप लिहून देतं. अमेरिकेतल्या 'रिव्हील' या मोठ्या नोंदणीत, फुफ्फुसधमन्यांच्याच आजाराच्या दर पाच रुग्णांपैकी एकाच्या बाबतीत, लक्षणं सुरू झाल्यापासून रोग ओळखेपर्यंत दोन वर्षांहून जास्त काळ गेला होता. तिथे ही स्थिती, तर आपल्याकडे तालुक्याच्या गावी काय होत असेल याची कल्पना करता येते.

आता व्याख्या पाहू, कारण पुढचा सगळा युक्तिवाद तिच्यावर उभा आहे. १९६० च्या दशकाच्या अखेरीस स्वित्झर्लंड, ऑस्ट्रिया आणि जर्मनीत अमिनोरेक्स या भूक मारणाऱ्या औषधामुळे या रोगाची लाट आली. त्यानंतर १९७३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जिनिव्हात तज्ज्ञांची बैठक घेतली आणि सरासरी दाब २५ मिलिमीटर पारा ही रेघ रुळली. २०१८ मध्ये नीसच्या जागतिक परिषदेत ती २० वर आणायचं ठरलं आणि २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी ते स्वीकारलं. २५ असो की २०, हा आकडा हृदयात नळी घालून मोजलेला आहे. तीच नळी, जी वेर्नर फोर्समान या तरुण जर्मन डॉक्टरने १९२९ मध्ये स्वतःच्या दंडाच्या शिरेतून उजव्या हृदयापर्यंत सरकवली आणि एक्स-रे काढून दाखवली. पुढे १९५६ मध्ये कूर्नां आणि रिचर्ड्स यांच्याबरोबर त्याला नोबेल मिळालं.

रोगाची व्याख्याच जर नळीने मोजलेला दाब अशी असेल, तर कुठलंही चित्र ती व्याख्या पूर्ण करू शकत नाही. सीटीवर रोगाचं निदान 'झालं' असं म्हणणारा, आणि सीटीवर ते होत नाही म्हणून सीटी बाजूला सारणारा, दोघेही त्याच्याकडून भलतंच काम मागत असतात.

२. धमनी रुंदावते, पण ती हिशेबाची वही नाही

सांगलीत आयर्विन पुलावर कृष्णेची पातळी फुटांत मोजतात. पूर ओसरल्यावर घरांच्या भिंतींवर पाण्याची रेघ राहते, २००५ ची एक, २०१९ ची तिच्याही वर. ती रेघ खोटी नसते. पाणी इथवर आलं होतं हे ती नक्की सांगते. पण आज सकाळी नदी किती फुटांवर आहे, हे भिंतीकडे पाहून कुणी सांगत नाही. फुफ्फुसधमनीची रुंदी ही अशी भिंतीवरची रेघ आहे, आणि नळीने मोजलेला दाब म्हणजे पुलावरची पातळी.

रुंदीचे आकडे रेडिऑलॉजिस्टना पाठ असतात. मुख्य फुफ्फुसधमनी २९ मिलिमीटर किंवा जास्त असेल तर संशय घ्यावा. फ्रेमिंगहॅमच्या लोकसंख्येतल्या मोजमापांवरून पुरुषांत २९ आणि बायकांत २७ ही वरची मर्यादा निघाली. दुसरं माप शेजारच्या महाधमनीशी तुलनेचं: फुफ्फुसधमनी तिच्याहून रुंद दिसली, म्हणजे गुणोत्तर एकच्या वर गेलं, की गडबड. हे दुसरं माप मला जास्त आवडतं, कारण त्यात माणसाची चण आपोआप हिशेबात येते. पण तेही फसवतं. म्हातारपणी आणि जुन्या बीपीमुळे महाधमनीच रुंदावते आणि सत्तरीच्या माणसात गुणोत्तर शहाण्यासारखं एकच्या खाली राहतं.

फसवणुकीची बाकीची कारणं याहून गंभीर आहेत. रोगाच्या सुरुवातीला दाब चढलेला असतो पण धमनी अजून ताणली गेलेली नसते; भिंत कोरडीच. औषधाने दाब उतरला तरी ताणलेली धमनी परत आकसत नाही. पाणी गेलं, रेघ राहिली. हृदयाच्या वरच्या पडद्याला जन्मतः भोक असेल तर फुफ्फुसांकडे जास्तीचं रक्त वाहतं आणि दाब फारसा न वाढताही धमनी फुगते. फुफ्फुसं तंतुमय होऊन आक्रसणाऱ्या आजारात दाब नॉर्मल असतानाही धमनी रुंद सापडते, आणि तिथे रुंदी व दाब यांचा मेळ अगदीच सैल होतो. आणि मोजमापाचा प्रश्न आहेच. धमनी जिथे दोन फांद्यांत फुटते तिथे, तिच्या लांबीला काटकोनात माप घ्यायचं असतं. रेघ जरा तिरकी पडली की दोन मिलिमीटर सहज वाढतात. हृदयाच्या ठोक्याबरोबर धमनी रुंद-अरुंद होते, आणि साधा छातीचा सीटी ठोक्याशी जुळवून घेतलेला नसतो. मग २८ आणि ३० यांत फरक करणारा माणूस कशाच्या जोरावर तो करतो?

३. तीच पट्टी, दोन दवाखाने

समजा, सगळी मापं बिनचूक घेतली. तरीही २९ मिलिमीटरचा अर्थ माणसागणिक बदलतो, आणि ही गोष्ट फार थोड्यांच्या लक्षात येते.

१९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आणि तेव्हापासून सतत उद्धृत होणाऱ्या एका अभ्यासात २९ मिलिमीटरच्या मापाने रोग असलेल्यांपैकी ८७ टक्के पकडले आणि नसलेल्यांपैकी ८९ टक्के बरोबर सोडून दिले. पन्नासहून कमी जणांवरचा अभ्यास तो. तरी आकडे जसेच्या तसे खरे मानू आणि ढोबळ हिशेब करू. एखाद्या मोठ्या केंद्रात या आजाराच्या संशयाने पाठवलेले १,००० रुग्ण आहेत, त्यांतल्या निम्म्यांना खरोखर रोग आहे. पट्टी ४३५ जणांना बरोबर पकडेल आणि ५५ जणांना उगाच. म्हणजे जिच्यावर बोट ठेवलं अशा दर दहा धमन्यांपैकी जवळपास नऊ खऱ्या निघतील. आता त्याच पट्टीने खोकला, अपघात, कर्करोगाचा तपास अशा वाटेल त्या कारणाने आलेले १,००० जण मोजा, आणि त्यांतल्या २० जणांना रोग आहे असं धरा. पट्टी १७ जणांना पकडेल, आणि १०८ निरोगी माणसांनाही. बोट ठेवलेल्या दर सात जणांपैकी एकच खरा.

मशीन तेच, माप तेच, अर्थ मात्र पहिल्या खोलीत 'बहुधा आहे' आणि दुसऱ्या खोलीत 'बहुधा नाही'. रुग्णाला काय होतंय हे माहीत नसताना रुंदीचा आकडा वाचणं म्हणजे गावाचं नाव न विचारता पावसाचा अंदाज सांगण्यासारखं आहे.

यावर उपाय एकाच मापाला चिकटून न राहण्यात आहे. २०२२ च्या युरोपीय तत्त्वांनी तीन खुणा एकत्र पाहायला सांगितल्या: धमनी ३० मिलिमीटर किंवा अधिक, उजव्या कप्प्याच्या बाहेर पडण्याच्या वाटेची भिंत ६ मिलिमीटर किंवा अधिक जाड, आणि दोन कप्प्यांमधला पडदा डावीकडे ढकललेला किंवा उजवा कप्पा डाव्याइतका अथवा त्याहून मोठा. तिन्ही एकत्र आल्या तर रोगाची शक्यता फार मोठी. यातल्या दोन खुणा धमनीच्या नाहीत, हृदयाच्या आहेत, हे मुद्दाम लक्षात घ्यावं. दाबाचा मार हृदय खातं. तरीही छातीचा सीटी पाहताना हृदयाकडे न पाहण्याची सवय आपल्याकडे खोलवर रुजली आहे.

४. खरा प्रश्न: का?

इथवर मी सीटीच्या मर्यादाच सांगत आलो. आता ज्यासाठी हा लेख लिहितो आहे तिकडे येतो.

फुफ्फुसांतला उच्च रक्तदाब हा एक रोग नाही. पाच वेगवेगळ्या वाटांनी शरीर तिथे पोचतं. पहिली वाट खुद्द फुफ्फुसधमन्यांच्या बारीक फांद्यांच्या आजाराची. दुसरी डाव्या हृदयाची, जिच्यात आपल्याकडे संधिवाताच्या तापाने आवळलेली झडप अजूनही मोठा वाटा उचलते. तिसरी फुफ्फुसांची: विडी, चुलीचा धूर, क्षयाने खाल्लेली फुफ्फुसं, खाणीतली धूळ. चौथी जुन्या, न विरघळलेल्या रक्ताच्या गुठळ्यांची. पाचवी उरलेल्या मिश्र कारणांची. केरळमधल्या सुमारे २,००० रुग्णांच्या नोंदणीत निम्म्याहून जास्त रुग्ण दुसऱ्या वाटेचे निघाले. मासिकांत ज्या दुर्मीळ पहिल्या वाटेबद्दल लिहिलं जातं, ती संख्येने थोड्यांची आहे.

वाट ओळखणं इतकं महत्त्वाचं का? कारण एका वाटेवरचं औषध दुसऱ्या वाटेवर विष ठरू शकतं. पहिल्या वाटेची औषधं धमन्या सैल करतात. सिल्डेनाफिल आपल्याकडे स्वस्त आहे, गल्लोगल्ली मिळतं. इकोच्या रिपोर्टवर दाब '५५' दिसला की ते सुरू करायचं, ही पद्धत मी डोळ्यांनी पाहतो आणि तिचा मला मनस्वी राग आहे. ज्याची झडप आवळलेली आहे त्याला झडपेचा इलाज हवा. ज्याची फुफ्फुसं कारण नसताना तंतुमय होत चालली आहेत, अशा रुग्णांना रिओसिग्वाट हे तसंच औषध देऊन पाहणारी चाचणी २०१६ मध्ये मधेच थांबवावी लागली, कारण औषध घेणाऱ्यांत मृत्यू आणि गंभीर त्रास जास्त दिसले. आकडा सगळ्यांचा सारखा, ५५. आकड्यावर औषध देणारा माणूस यांतल्या कोणाला काय होणार हे जाणत नाही.

आणि इथे सीटी बोलू लागतो. डाव्या हृदयाची वाट असेल तर डावा वरचा कप्पा फुगलेला दिसतो, झडपेवर चुना साचलेला दिसतो, फुफ्फुसांच्या तळाशी पाणी. फुफ्फुसांची वाट असेल तर सगळं उघडंच असतं: फुटक्या फुग्यांसारखी झालेली फुफ्फुसं, मधाच्या पोळ्यासारखी जाळी, क्षयाने आक्रसून एका कोपऱ्यात गेलेला वरचा भाग. कित्येकदा जन्मतःचं एखादं भोक किंवा चुकीच्या कप्प्यात उघडणारी फुफ्फुसशीर, जी मोठ्या माणसाच्या इकोत निसटते, ती डाय टाकून काढलेल्या सीटीत ठळक सापडते. आणि ते सापडणं म्हणजे काही जणांसाठी इलाजाचा दरवाजा उघडणं असतं.

सर्वांत जीवघेणं उदाहरण शिरांच्या आजाराचं. पहिल्या वाटेतलीच ही एक दुर्मीळ आडवाट. धमन्यांऐवजी बारीक फुफ्फुसशिरा बुजतात. नळीने दाब मोजला तर तो पहिल्या वाटेसारखाच येतो, इकोतही तसंच. अशा रुग्णाला धमन्या सैल करणारं औषध दिलं की पुढची वाट बंद असल्याने रक्त तुंबतं आणि फुफ्फुसांत पाणी भरतं. रुग्ण औषधानेच बुडतो. हा धोका आधी कळवणाऱ्या खुणा पातळ काप घेतलेल्या सीटीत दिसतात: फुफ्फुसाच्या छोट्या कप्प्यांमधल्या पडद्यांच्या जाड झालेल्या रेषा, धुरकट ठिपके, मधल्या भागातल्या वाढलेल्या गाठी. दाब मोजणारी सोन्यासारखी नळी इथे मुकी असते आणि दाब न मोजणारा सीटी इशारा देतो. 'सीटीत प्रेशर दिसत नाही' म्हणणाऱ्यांनी या एका उदाहरणावर थांबून विचार करावा.

प्रामाणिकपणाने दुसरी बाजूही मांडतो. चौथ्या वाटेवर, गुठळ्यांच्या बाबतीत, सीटी पहिला नंबर घेत नाही. फुफ्फुसांत हवा आणि रक्त कुठे कुठे पोचतं हे किरणोत्सारी द्रव्याने दाखवणारा व्हीक्यू स्कॅन तिथे सरस. २००७ च्या एका तुलनेत त्याने ९६ टक्क्यांहून जास्त रुग्ण पकडले, सीटी अँजिओने ५१ टक्के. त्यानंतर सीटीची यंत्रं खूप सुधारली, वाचणाऱ्यांची नजरही. तरी सीटी अँजिओत गुठळी नाही म्हणजे ही वाट बंद, असं मानू नये. या एका वाटेवर शस्त्रक्रियेने रोग जवळजवळ पुसता येतो. शरीर २० अंश सेल्सियसपर्यंत थंड करून, रक्ताभिसरण थोडा थोडा वेळ पूर्ण थांबवून, धमनीच्या आतलं जुनं अस्तर सालीसारखं सोलून काढतात. असा इलाज ज्याला मिळू शकतो तो रुग्ण एका नॉर्मल सीटीच्या भरवशावर गमावणं मला परवडत नाही.

५. कपाटावरच्या पिशव्या

महाराष्ट्रात २०२०-२१ मध्ये, कोविडच्या साथीत, एचआरसीटी हा शब्द घराघरांत पोचला. सरकारने दर २,००० ते ३,००० रुपयांत बांधून दिले. पंचवीसपैकी स्कोअर किती, हे लोक दहावीच्या निकालासारखं विचारू लागले. त्या काळात छातीचे जितके सीटी निघाले तितके आधी कधी निघाले नसतील. त्या प्रत्येक चित्रात फुफ्फुसधमनी होती, महाधमनी होती, हृदय होतं. पाहिला गेला तो स्कोअर.

डाय न टाकताही मुख्य धमनी आणि महाधमनी मोजता येतात. त्यांच्याभोवतीची चरबी कडा दाखवते. कप्प्यांचा आतला पडदा मात्र डायशिवाय नीट दिसत नाही, हे खरं. पण दोन मापांना अर्धं मिनिट लागतं. २०१२ मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आलेल्या एका अभ्यासाने दाखवलं की धूम्रपानाने फुफ्फुसं बिघडलेल्या (सीओपीडीच्या) रुग्णांत, धमनी महाधमनीहून रुंद असेल तर पुढे त्रास बळावून दवाखान्यात भरती होण्याची शक्यता बरीच जास्त असते. तिथे नळी घालायची गरज पडली नाही. आधीच काढलेल्या चित्रातून निघालेली माहिती होती ती.

माझ्याकडे आलेल्या पन्नाशीच्या एका बाईंचं सांगतो. तीन वर्षं दम लागत होता, पंप चालू होता. सोबत मोठी प्लास्टिकची पिशवी, तिच्यात दोन वर्षांपूर्वीच्या सीटीच्या फिल्म. एक फिल्म व्ह्यूबॉक्सवर लावली. चढती महाधमनी गोल नाण्यासारखी, आणि तिच्या पुढून वळून मागे जाणारी फुफ्फुसधमनी त्या नाण्याच्या सव्वापट रुंद. फुफ्फुसांत काळे-करडे ठिगळ, गोधडीसारखे. रिपोर्टात त्या ठिगळांना बारीक श्वासनलिकांचा आजार म्हटलं होतं, आणि तसं ते असूही शकतं. पण अशी ठिगळं जुन्या गुठळ्यांमुळेही पडतात: काळ्या भागातल्या रक्तवाहिन्या बारीक, सुतासारख्या झालेल्या असतात आणि करड्या भागात जाड. तिथे तसंच होतं. आणि रिपोर्टाच्या शेवटच्या परिच्छेदात, सगळ्या रिपोर्टांत असते ती तयार ओळ: मिडियास्टायनल व्हॅस्क्युलर स्ट्रक्चर्स अपिअर नॉर्मल, म्हणजे छातीच्या मधल्या भागातल्या रक्तवाहिन्या नॉर्मल. ही ओळ कुणी लिहीत नाही. ती साच्यात आधीच असते आणि कुणी पुसत नाही.

६. आक्षेप

*प्रत्येक रिपोर्टात धमनीचं माप आलं तर लोक घाबरतील.* हा आक्षेप मी गंभीरपणे घेतो, कारण वरचा सातात एकाचा हिशेब माझाच आहे. पण त्यातून निघतं ते माप न लिहिण्याचं कारण नव्हे. माप एकटं लिहू नये एवढंच निघतं. '३१ मिलिमीटर, महाधमनीपेक्षा कमी, उजवं हृदय नॉर्मल, फुफ्फुसं स्वच्छ. दम लागत असेल तर इको करावा' असं वाक्य घाबरवत नाही. '३१ मिलिमीटर, पल्मनरी हायपरटेन्शन' एवढंच लिहिणं घाबरवतं, आणि तसं लिहिणं चूकही आहे.

*किरणांचं काय?* साध्या छातीच्या सीटीत साधारण ५ ते ७ मिलिसिव्हर्ट किरण लागतात. निसर्गातून माणसाला वर्षाला सरासरी २.४ मिळतात. निरोगी माणसांची चाळणी करायला सीटी काढावा असं मी कुठेच म्हणत नाही. उलट, आधी काढलेला सीटी नीट वाचला तर पुढचे एक-दोन वाचतील.

*इको पुरेसा आहे.* सुरुवात इकोनेच करावी, यात वाद नाही. पण इकोही दाब मोजत नाही. उजव्या झडपेतून उलट गळणाऱ्या रक्ताचा वेग मोजून त्याच्या वर्गाला चारने गुणतो. वेग मोजण्यात दहा टक्क्यांची चूक झाली की दाबात वीस टक्क्यांची होते. गळती नसेल तर वेगच सापडत नाही. फुफ्फुसं फुगून हृदयावर पसरली असतील तर चित्रच मिळत नाही. फुफ्फुस प्रत्यारोपणासाठी आलेल्या ३७४ रुग्णांच्या २००३ च्या अभ्यासात इकोवर दाबाचा अंदाज ४४ टक्क्यांतच बांधता आला, आणि बांधलेल्यांतले ५२ टक्के दहा मिलिमीटरहून जास्त चुकले. ज्यांच्या फुफ्फुसांमुळे इको आंधळा होतो, नेमक्या त्याच रुग्णांचे सीटी काढलेले असतात. दोघांना एकमेकांसमोर उभं करण्यात काही हशील नाही.

*नळी घालायची कॅथलॅब जिल्ह्याला एखादीच. गरिबाला सीटीवरच औषध सुरू केलं तर बिघडलं काय?* हा आक्षेप कळवळ्यातून येतो, म्हणून नाकारताना जड जातं. पण नाकारायलाच हवा. ज्याला आयुष्यभर औषध घ्यायचं आहे, त्याचा एकदा तरी खरा दाब मोजला गेला पाहिजे, आणि डाव्या बाजूचा दाब किती हेही कळलं पाहिजे. ते सीटीत नाही. नळीची भीती तिच्या धोक्यापेक्षा मोठी आहे. अनुभवी केंद्रांतल्या ७,२१८ तपासण्यांच्या २००६ मधल्या आढाव्यात गंभीर त्रास १.१ टक्के आणि मृत्यू ४ होते. गरिबाला सीटीने मदत करायची तर कोणाला आधी शहरात पाठवायचं, ही रांग लावून करावी. रुंद धमनी, फुगलेलं उजवं हृदय आणि स्वच्छ फुफ्फुसं असलेली तिशीची मुलगी त्या रांगेत पहिली. जळालेली फुफ्फुसं आणि जेमतेम रुंद धमनी असलेले विडी ओढणारे आजोबा मागे, त्यांना आधी विडी सोडायला आणि ऑक्सिजनला मदत करा.

*हे सगळं संगणक करील.* मोजेल, यात शंका नाही. धमनीची रुंदी आणि कप्प्यांचं आकारमान आपोआप काढणाऱ्या प्रणाली आल्या आहेत आणि मी त्यांचं स्वागत करतो. साच्यातली ती खोटी ओळ त्यांच्यामुळे पुसली गेली तरी मोठं काम होईल. पण दोन खोल्यांचा हिशेब त्यांनाही टाळता येत नाही. समोरच्या माणसाला दम लागतो की नाही, पूर्वी पायात गुठळी झाली होती की नाही, घरात चूल आहे की गॅस, हे मशीनला कुणीतरी सांगावं लागतं. रेडिऑलॉजिस्टलाही ते कुणी सांगत नाही. तो अंधारात बसून दिवसाला कित्येक डझन छात्या वाचतो आणि त्याला मिळते ती पाठवणाऱ्या डॉक्टरची चिठ्ठी. 'तीन वर्षं दम, पंपाने फरक नाही, इकोवर उजवं हृदय मोठं' एवढे शब्द त्या चिठ्ठीवर असले तर तो धमनीवर पट्टी ठेवतो, ठिगळांतल्या रक्तवाहिन्या पाहतो. म्हणून माझं पहिलं गाऱ्हाणं रिपोर्ट लिहिणाऱ्याबद्दल नाही.

त्या बाईंच्या पिशवीच्या तळाशी दोन वर्षांपूर्वीची चिठ्ठीही घडी घालून ठेवलेली होती. तिच्यावर नाव, वय, आणि पुढे दोनच शब्द: एचआरसीटी चेस्ट.